झाकण्याआधीची मशागत, झाकल्यावरचं पाणी: भाजीपाल्याचं मल्चिंग

भांगलण म्हणा, निंदणी म्हणा, खुरपणी म्हणा, भाजीपाल्यात मजुरीचा मोठा वाटा याच कामात जातो. आणि तोही नेमका अशा दिवसांत, जेव्हा गावात माणूस मिळत नाही. मल्चिंग केलं, म्हणजे जमीन प्लास्टिकनं किंवा काडीकचऱ्यानं झाकली, की हा खर्च उतरतो, पाण्याच्या पाळ्या लांबतात, फळ मातीला टेकत नाही. हे सगळं खरं आहे. तरीही दरवर्षी मल्चिंग पेपरवरची (प्लास्टिकच्या आच्छादनावरची) मिरची मर लागून जाते, पाचटाखालची वांगी पिवळी पडतात आणि दोष पेपरला किंवा पाचटाला दिला जातो.

आच्छादन म्हणजे झाकण. ओल्या जमिनीवर घातलं तर ओल टिकते, कोरड्या जमिनीवर घातलं तर कोरड टिकते. खाली लव्हाळ्याच्या गाठी राहिल्या तर त्या मजेत वाढतात, आणि टाकायचं राहिलेलं शेणखत नंतर पेपर फाडल्याशिवाय घालता येत नाही. म्हणून मल्चिंगचं निम्म्याहून अधिक काम झाकण्याआधी संपलेलं असतं. उरलेलं काम पाण्याचं, आणि चुका होतात त्या तिथेच.

पेपर की पाचट?

अर्धा एकर, एकर टोमॅटो, मिरची, ढोबळी, कलिंगड, काकडी, कारलं असं नगदी पीक घ्यायचं असेल आणि ठिबक असेल, तर मल्चिंग पेपर. ठिबक नसेल तर पेपरच्या वाटेला जाऊ नका. पाटपाण्यावर पेपर घालणारे पुष्कळ आहेत, पण सरीतलं पाणी बेडच्या मध्यापर्यंत सारखं पोचत नाही आणि विद्राव्य खत द्यायला मार्गच राहत नाही.

परसबागेला, गुंठा-दोन गुंठ्याच्या भाजीला, सेंद्रिय शेतीला आणि ज्यांच्याकडे उसाचं पाचट, गव्हाचं काड, सोयाबीनचा भुसा किंवा भाताचा पेंढा पडून आहे त्यांना काडीकचऱ्याचं आच्छादनच बरं. ते कुजून जमिनीतच जातं. प्लास्टिक हंगाम संपला की गोळा करावं लागतं.

मेथी, कोथिंबीर, पालक अशा फोकून पेरायच्या पालेभाज्यांना पेपर उपयोगाचा नाही. त्या ओळीत पेरल्या असतील तर दोन ओळींमध्ये बारीक भुश्याचा पातळ थर देता येतो, तोही रोप चार बोटं वर आल्यावर.

दहा गुंठे टोमॅटोचा हिशेब

आकडे हाताशी असले की कुठल्याही क्षेत्राला गुणाकार करता येतो, म्हणून दहा गुंठे धरू. दहा गुंठे म्हणजे साधारण १,०१० चौरस मीटर. बेडच्या मध्यापासून पुढच्या बेडच्या मध्यापर्यंत पाच फूट, म्हणजे दीड मीटर अंतर धरलं तर बेडची एकूण लांबी सुमारे ६७० मीटर भरते. बाजारात सर्रास मिळणारा रोल चार फूट रुंद आणि ४०० मीटर लांब असतो. म्हणजे दोन रोल लागतात आणि दोन्ही टोकांना पुरायला धरूनही शंभर मीटरच्या वर पेपर उरतो. दीड फुटावर एक रोप धरलं तर रोपं १,५०० च्या आसपास. तुटाळीसाठी शे-सव्वाशे रोपं जास्त सांगून ठेवा.

जाडी २५ किंवा ३० मायक्रॉन. टोमॅटो काढून त्याच पेपरवर काकडी किंवा दोडका घ्यायचा विचार असेल तर ३० च घ्या. जाडी डोळ्यांना कळत नाही, पण वजनकाट्याला कळते. चार फुटी, ४०० मीटरच्या रोलचं वजन प्रत्येक मायक्रॉनमागे साधारण ४४५ ग्रॅम भरतं. म्हणजे २५ मायक्रॉनचा रोल, आतली पुठ्ठ्याची नळी सोडून, ११ किलोच्या आसपास हवा आणि ३० मायक्रॉनचा १३ किलोच्या थोडा वर. ३० च्या नावावर ९ किलोचा रोल दिला जात असेल तर तो उन्हाळ्यात फाटणार आणि काढताना चिंध्या होणार. दुकानातच वजन करा.

रंग चंदेरी-काळा. चंदेरी बाजू वर, काळी खाली. काळ्या बाजूमुळे उजेड आत जात नाही, म्हणून तण उगवलं तरी जगत नाही. चंदेरी बाजू ऊन परावर्तित करते, त्यामुळे जमीन फार तापत नाही आणि झाडाच्या खालून उजेड येत असल्याने फुलकिडे, मावा, पांढरी माशी लहान रोपावर कमी उतरतात. झाड मोठं होऊन पेपर झाकला गेला की हा फायदा संपतो, तेव्हा किडीवरची नजर काढू नका. पारदर्शक पेपर मल्चिंगसाठी कधीच घेऊ नका. त्याखाली तण हरितगृहात वाढावं तसं फोफावतं. तो पेपर उन्हाळ्यात ओल्या जमिनीवर चार-सहा आठवडे अंथरून जमीन तापवण्यासाठी असतो.

अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून आधी पूर्वसंमती घ्या, मगच खरेदी करा. आधी बिल फाडलं की प्रकरण अडकतं.

झाकण्याआधी

हरळी आणि लव्हाळा या दोघांचा बंदोबस्त पेपर करत नाही, हे आधी मनात पक्कं करा. घोळ, चंदनबटवा, गाजरगवत, माठ अशी बीपासून येणारी तणं पेपरखाली मरतात. लव्हाळ्याचा कोंब मात्र सुईसारखा टोकदार असतो. तो २५ मायक्रॉनचा पेपर सरळ भोसकून वर येतो, आणि दोन आठवड्यांत पेपर चाळणीसारखा दिसायला लागतो. हरळी पेपर फोडत नाही. ती खालून पसरत पसरत रोपाच्या होलपर्यंत येते आणि टोमॅटोच्या बुडाशी डोकं वर काढते. तिथून ती उपटताना रोपाच्या मुळ्याही हलतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट, पंधरा दिवस ऊन, मग आडवी नांगरट आणि वर आलेल्या काश्या व गाठी वेचून बांधाबाहेर. गाठी उन्हात वाळल्या की मरतात; ओल्या मातीत राहिल्या की एका गाठीची माळ होते. रान लव्हाळ्यानं भरलेलं असेल तर त्या वर्षी तिथे पेपर घालू नका, दुसरा तुकडा निवडा.

बेसल डोस, म्हणजे लावणीआधी बेडमध्ये द्यायचं खत. दहा गुंठ्याला दोन टन चांगलं कुजलेलं शेणखत. अर्धवट कुजलेलं शेणखत पेपरखाली तापतं, त्यात हुमणी असते आणि तणाचं बी तर असतंच. शेणखतात अर्धा किलो ट्रायकोडर्मा मिसळून, ओलसर करून आठवडाभर सावलीत झाकून ठेवलं तर उत्तम. त्यासोबत २०-२५ किलो निंबोळी पेंड. रासायनिक खताचा अंदाज असा: संकरित टोमॅटोला हेक्टरी ३०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद, १५० किलो पालाश ही राज्यातली रूढ शिफारस. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग, म्हणून ३०, १५ आणि १५ किलो. स्फुरद सगळं बेडमध्येच द्या, म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या दोन गोण्यांना थोडं कमी. पालाश निम्मा, म्हणजे १२-१३ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. नत्राचा पाचवा हिस्सा, म्हणजे साधारण १३ किलो युरिया. उरलेलं नत्र आणि पालाश ठिबकमधून, थोडं थोडं. माती परीक्षणाचा अहवाल असेल तर हे आकडे त्याप्रमाणे वर-खाली करा, तो नेहमी शिफारशीपेक्षा वरचढ.

खत बेडच्या मधोमध पट्ट्यात टाकून मातीत नीट मिसळा. रोपाच्या जागेखाली युरियाची ढेप राहिली तर ते रोप आठ दिवसांत करपतं, आणि पेपरमुळे कारण दिसत नाही.

बेडचं माप पेपरच्या रुंदीवरून ठरतं. चार फुटी पेपर म्हणजे १२० सेंटिमीटर. बेडचा माथा ६० सेंटिमीटर ठेवला, दोन्ही बाजूंचा उतार २०-२० गेला, तर कडेला पुरायला १०-१० सेंटिमीटर उरतात. तेवढे हवेतच. माथा ७५ चा केला तर कड जेमतेम मातीत जाते आणि पहिल्या वाऱ्याला पेपर उडतो. भारी काळ्या रानात बेडची उंची एक वीत तरी ठेवा. हलक्या मुरमाड रानात अर्धी वीत पुरते, तिथे उंच बेड लवकर सुकतो.

माथा सपाट आणि मऊ हवा. एकेक ढेकूळ, धसकट, दगड हातानं काढा. पेपर ढेकळांवर तंबूसारखा ताणला गेला की पेपर आणि माती यांच्यात पोकळी राहते. दुपारी ती पोकळी तापते, पावसात वर पाणी साचतं, आणि पेपर पहिला फाटतो तो तिथेच. मध्ये खोलगट भाग राहू देऊ नका, माथा किंचित फुगीर असला तर पाणी सरीत उतरतं.

ठिबकची नळी पेपरखाली, बेडच्या मध्यापासून चार बोटं बाजूला. रोपांची ओळ मध्यावर येणार आहे, नळी मध्यावरच ठेवली तर होल पाडताना तिलाच भोक पडतं. १६ मिलिमीटरची इनलाइन, ४० सेंटिमीटरवर दोन लिटरचे ड्रिपर ही भाजीपाल्याची नेहमीची निवड. ड्रिपरचं तोंड वर ठेवा, म्हणजे नळीच्या तळाशी बसणारा गाळ त्यात अडकत नाही. रिकामी नळी उन्हात लांबते आणि नागमोडी सरकते. म्हणून तीन-चार मीटरवर तारेची यू आकाराची पिन मारून ती जागेवर बसवा.

आता पाणी सोडा. हे पाणी सर्वांत महत्त्वाचं. पेपर अंथरण्याआधी पूर्ण दाबानं ठिबक चालवून प्रत्येक ओळ चालत पाहा. कुठला ड्रिपर बंद आहे, कुठे नळी फुटली आहे, शेवटच्या टोकाला पाणी पोचतंय का, हे आता पाच मिनिटांचं काम आहे. पेपरखाली तेच शोधायला सकाळ जाते. बेड आरपार भिजेपर्यंत पाणी द्या, मग वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर राहून चिखल उरत नाही तोवर, थांबा. वाफशावर पेपर.

अंथरणं आणि होल

चार माणसं लागतात. दोघांनी रोलमध्ये लोखंडी गज घालून धरायचा, मागच्या दोघांनी फावड्यानं कडेवर माती ओढायची. वाऱ्याच्या बाजूच्या टोकाला अर्ध्या विताची चारी काढून पेपरचं टोक पुरा आणि वारा पाठीशी घेऊन पुढे जा. ट्रॅक्टरमागचं यंत्र बेड, नळी आणि पेपर एकदमच करतं. एकराच्या वर क्षेत्र असेल तर तेच परवडतं. मात्र यंत्राचा पेपर पुरायच्या कडेला चालवणाऱ्याचं लक्ष लागतं, कुठे माती पडत नसेल तर मागे एक माणूस फावडं घेऊन ठेवा.

वेळ सकाळची किंवा उतरत्या उन्हाची. भर दुपारी पेपर तापून लांबलेला असतो. तेव्हा ताणून बसवला की रात्रीच्या गारव्यात आक्रसतो आणि मातीतून कडा उपसून काढतो. सकाळीही ढोलासारखा ताणू नका. मातीला चिकटून, सुरकुती न पडता बसला पाहिजे, एवढंच.

होल दोन-अडीच इंचांचं पुरे. पाइपच्या तुकड्याची कड विस्तवावर तापवून पेपरवर टेकवली की गोल होल पडतं आणि त्याची कड वितळून जाड होते. अशी कड वाऱ्यात फाटत नाही. ब्लेडनं फुलीची चीर देणं सोपं, पण तिची चार पानं वाऱ्यात रोपाच्या खोडावर आपटत राहतात. तापलेला पाइप फक्त टेकवायचा, दाबायचा नाही. खाली नळी आहे. आणि होल मोठं पाडू नका. जेवढा उजेड आत, तेवढं तण बाहेर.

रोप लावताना एक गोष्ट चुकवू नका. दुपारी पेपरखालची तापलेली हवा बाहेर पडायला वाट शोधते आणि तिला रोपाचं होल सापडतं. ती वाफ थेट कोवळ्या खोडावर येते, आणि लावणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जमिनीलगत खोड भाजल्यासारखं बारीक होऊन रोप आडवं पडतं. लोक त्याला मर समजून बुरशीनाशक ओततात. उपाय एक मूठ मातीचा आहे: रोप होलच्या मधोमध लावा, खोड पेपरला कुठेही टेकू देऊ नका, आणि होलमध्ये कोरडी माती भरून फट बुजवा. लावण संध्याकाळी चारनंतर.

भेंडी किंवा काकडी बी टोकून करत असाल तर चौथ्या दिवसापासून रोज सकाळी ओळीनं फिरा. बी होलच्या मधोमध पडलेलं नसेल तर कोंब पेपरखाली तिरका जातो. पेपर तिथे करंगळीच्या टोकाएवढा फुगलेला दिसतो. बोटानं कोंब अलगद होलकडे वळवून बाहेर काढा. हे सकाळी नऊच्या आत. दुपारपर्यंत तो आत भाजून पांढरा पडलेला असतो.

पाणी

पेपर घातल्यावर माती दिसत नाही, म्हणून हात जुन्या सवयीनं व्हॉल्व्हकडे जातो. मल्चिंगवरचं पीक पाण्यावाचून मरत नाही, बहुतेकदा जास्त पाण्यानं मरतं. बाष्पीभवन थांबलेलं असतं, पाणी घेणारं फक्त झाड असतं, आणि लावणीनंतर महिनाभर ते झाड वितीएवढंच असतं. भारी रानात मुळ्यांना हवा मिळेनाशी होते, पांढऱ्या मुळ्या तपकिरी होतात, झाड दुपारी माना टाकतं. ते पाहून पाणी कमी पडलं असं वाटतं, आणखी पाणी सुटतं, आणि मग झाड खरंच मरतं.

व्हॉल्व्हकडे जाताना वाटेत एका होलमध्ये हात घालून चार-पाच इंच खालची मूठभर माती काढा. मुठीत दाबून लाडू वळा. लाडू वळला आणि अंगठ्यानं टिचकी मारताच फुटला, तर वाफसा आहे, आज पाणी नको. लाडू वळतच नसेल, माती बोटांतून निसटत असेल, तर पाणी द्या. दाबल्यावर तळव्याला चिखल लागला, बोटांच्या फटीतून माती बाहेर आली, तर दोन दिवस व्हॉल्व्हला हात लावू नका. शेताच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये अशा पाच जागी पाहा, एका जागेवर भरवसा नको.

सुरुवातीला धरायचा अंदाज असा. दोन लिटरचे ड्रिपर ४० सेंटिमीटरवर आणि ओळी दीड मीटरवर असतील तर तासाला सव्वातीन मिलिमीटर पाणी पडतं, दहा गुंठ्याला तासाला ३,३०० लिटरच्या थोडं वर. लावणीनंतर आठ दिवस रोज १५-२० मिनिटं, रोप धरेपर्यंत. पुढे हिवाळ्यात वाढलेल्या टोमॅटोला दिवसाआड तास-सव्वा तास. एप्रिलच्या उन्हात फळं लागलेली असताना रोज तास-दीड तास. रान हलकं असेल तर तेच पाणी दोन वेळा विभागून. हे आकडे सुरुवातीपुरते, पुढचं मातीचा लाडू सांगेल.

पेपरखाली ओल वरच्या थरात टिकते, म्हणून मुळ्याही वरच्या वितीतच पसरतात. याचे दोन परिणाम. मोटार जळाली, वीज गेली आणि पाणी चार दिवस थांबलं, तर पेपरवरचं झाड उघड्या रानातल्या झाडाइतकं सोसत नाही. आणि झाडाची पकड उथळ असल्याने टोमॅटोला तार-काठीचा आधार वेळेवर हवा, लावणीनंतर २५-३० दिवसांत. पहिल्या महिन्यानंतर रोज थोडं देण्यापेक्षा जरा भरपूर देऊन अंतर ठेवलं तर मुळ्या थोड्या खाली उतरतात.

विद्राव्य खत रोप धरल्यावर, आठ-दहा दिवसांनी सुरू करा. दहा गुंठ्याला दर चार दिवसांनी एक-सव्वा किलो: सुरुवातीला १९:१९:१९ (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्क्यांचे), फुलाच्या सुमारास १२:६१:०, फळं पोसायला लागली की १३:०:४५. खत सोडण्याआधी दहा मिनिटं साधं पाणी आणि नंतरही दहा मिनिटं साधं पाणी, नाहीतर ड्रिपरमध्ये क्षार बसतात. नळ्यांची टोकं पंधरवड्यातून एकदा सोडून गाळ धुऊन काढा. एखाद्या ओळीतली शेवटची आठ-दहा झाडंच खुजी राहत असतील तर रोगाचा शोध घेण्याआधी त्या नळीचं टोक उघडून पाहा.

पाचट, काड, पेंढा

फडातलं पाचट आजही हंगामाला सर्रास जाळलं जातं. आकाश धुरकट होतं आणि जमिनीत जायला हवा असलेला कर्ब वर जातो. शेजारच्या वांग्याला मात्र त्याच वेळी पाणी पुरत नसतं. एक ट्रॉली पाचट बांधावर आणून टाकणं एवढंच काम आहे.

गुंठ्याला १०० ते १५० किलो सुकं पाचट किंवा काड लागतं. हलकं झटकून पसरलं की चार बोटांच्या वर थर होतो, आणि पंधरा दिवसांत बसून निम्मा राहतो. त्यापेक्षा पातळ थराला तण जुमानत नाही. जाड थरातून हलका पाऊस जमिनीपर्यंत पोचत नाही, वरच अडकून उडून जातो. पाचट लांब असेल तर कोयत्यानं हातभर तुकडे करा. अखंड पाचट झाडांमध्ये नीट बसत नाही आणि वाऱ्यानं गुंडाळून कोपऱ्यात जातं. कोकणात आणि गोव्यात भाताचा पेंढा, माडाची चुडतं, सुपारीच्या झावळ्या हाताशी असतात. चुडतं फाळून, पाती वेगळी करून घाला, खालचा जाड देठ नको. ताजं कापलेलं हिरवं गवत थेट घालू नका, ते चिकटून थर बनतं, आत तापतं, वास मारतं. दोन दिवस वाळवून, पातळ.

गव्हाच्या काडात राहिलेले दाणे उगवतात. ढीग एकदा भिजवून आठवडाभर ठेवला की ते उगवून मरतात, मग काड वापरा. गाजरगवत कापून आच्छादनाला चालतं, पण फुलायच्या आधीचं. फुलावर आलेलं घातलं तर पुढच्या तीन वर्षांची पेरणी केल्यासारखं आहे. शेजारच्या रानात तणनाशक मारलेलं असेल तर त्या रानातलं गवत टोमॅटोला घालू नका. २,४-डी सारख्या तणनाशकाच्या अंशानंही टोमॅटोची पानं वळतात.

क्रम असा. रोपं लावा, एक वीत वाढू द्या. एकदा स्वच्छ खुरपणी करा. बुडाशी कुजलेलं खत द्या, मग भरपूर पाणी. दुसऱ्या दिवशी ओल्या मातीवर पाचट. तण फार येणारी जागा असेल तर आधी वर्तमानपत्राचे सहा-आठ पदर भिजवून एकमेकांवर चढवून अंथरा, त्यावर पाचट. चकचकीत रंगीत कागद नको. खोडाभोवती दोन इंच जागा मोकळी ठेवा. खोडाला ओलं काड चिकटून राहिलं की तिथेच कुजतं आणि वाळवीला वाट मिळते.

पाचटाखालची रोपं पिवळी पडण्याचं कारण नत्र. पाचटात कर्ब भरपूर, नत्र फार थोडं. ते कुजवणारे जिवाणू लागणारं नत्र मातीतून उचलतात. पाचट नुसतं वर पसरलेलं असेल तर हा ओढा वरच्या बोटभर थरापुरता राहतो आणि झाडाला फारसा जाणवत नाही. पाचट मातीत मिसळलं की मात्र झाड उपाशी राहतं. म्हणून आच्छादन वरच ठेवा, खुरप्यानं आत ढकलू नका. तरीही खालची पानं फिकट दिसली तर आठवड्याला एकदा पातळ शेणस्लरी किंवा जीवामृत द्या, नाहीतर पाचटाखाली गिरिपुष्पाच्या कोवळ्या पाल्याचा एक थर घाला. गिरिपुष्पाचा पाला झटपट कुजतो आणि त्यात नत्र चांगलं असतं. बांधावर दहा काड्या रोवल्या तर दरवर्षीची सोय होते.

पावसाळ्यात हात आखडता घ्या. जून-जुलैच्या संततधारेत जाड पाचटाखाली जमीन सुकतच नाही, आणि गोगलगायी जमतात. २०२२ च्या खरिपात लातूर-बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं खाऊन टाकली होती. ज्या भागात त्या आहेत तिथे रोपं लहान असताना आच्छादन नकोच. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधालगत टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर, जमिनीत ओल असतानाच आच्छादन केलं तर तीच ओल रब्बीच्या भाजीला बराच काळ पुरते. उन्हाळ्यात हलक्या रानात वाळवी लागते. ती कोरड्या काडाकडे येते, म्हणून आच्छादन अगदी खडखडीत होऊ देऊ नका, आणि पाचटाआधी गुंठ्याला दोन-अडीच किलो निंबोळी पेंड टाका.

पाचटात हात घालताना आधी काठीनं हलवा. उंदीर घरटी करतात आणि उंदरामागे साप येतो.

हंगाम संपल्यावर

त्याच पेपरवर दुसरं पीक घ्यायचं असेल तर टोमॅटोची झाडं उपटू नका. उपटताना होल फाटतं. जमिनीलगत कात्रीनं खोड कापा, मुळ्या आत कुजू द्या, आणि जुन्या होलपासून वीतभर अंतरावर नवं होल पाडून काकडी किंवा दोडका टोका. टोमॅटोत मर किंवा सूत्रकृमी दिसले असतील तर मात्र दुसरं पीक नको, काकडीही सूत्रकृमीला बळी पडते. अशा झाडांची मुळंही शेतात ठेवू नका.

पेपर काढायचा तो हलक्या वाफशावर. फार कोरड्या जमिनीत पुरलेली कड तुटून आत राहते, चिखलात पेपर मातीनं जड होतो. आधी ठिबकच्या नळ्या ओढून गुंडाळा. मग दोन्ही कडांची माती कुदळीनं सैल करा, आणि एका टोकाकडून दोघांनी हळू गुंडाळत या. चिंध्या त्याच दिवशी वेचा. एकदा रोटाव्हेटर फिरला की तुकडे मातीत मिसळतात आणि ते कधीच कुजत नाहीत, पुढच्या पेरणीत फाळाला गुंडाळत राहतात, बांधावरच्या गाईच्या पोटात जातात. पेपर जाळू नका. माती झटकून, वाळवून, गठ्ठे बांधून भंगारवाल्याकडे द्या. माती जितकी कमी, तितका तो घ्यायला तयार होतो. जाड पेपर एकसंध निघतो आणि पातळ निघत नाही, दुकानात रोलचं वजन करायला सांगितलं त्याचं हेही एक कारण.